पाट्यावरचा पाला

मामंजींना बद्धकोष्ठ होतं आणि पेन्शन होती. नोकरी होती तोवर पहिल्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. पेन्शन लागली आणि सवडच सवड झाली. पांढरकवड्याच्या कोर्टात ते नाझर होते. समन्स कुणावर बजावलं, कुणावर राहिलं, जप्तीचं सामान कुठं ठेवलं, हे तीस वर्षं बघितलेला माणूस एका सकाळी घरी येऊन बसला, आणि हुकूम बजावायला घरात माणसं होती तीन. एक त्यांची बायको, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दुसरा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, तहसिलीत कारकून. तिसरी मी.

महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, त्याच्या अलीकडच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. वर्ध्याकडून एक निसर्गोपचारवाले गृहस्थ गावच्या वाचनालयात व्याख्यानाला आले. गृहस्थ इतके वाळलेले होते की त्यांना पाहून निसर्गोपचारावरची कुणाचीही श्रद्धा उडावी. मामंजींची बसली. बकरी पाला खाते, कच्चा खाते, आणि बकरीला बद्धकोष्ठ झाल्याचं आजवर कुणी ऐकलं आहे का, असा सवाल त्या गृहस्थांनी सभेला टाकला. सभेत वकील होते, मास्तर होते, एक डॉक्टरही होते. एकालाही उत्तर देता आलं नाही. मामंजी एक पातळशी पुस्तिका हातात घेऊन घरी आले, ते फाटकापासून माजघरापर्यंत बकरीचंच बोलत आले.

"उद्यापासून या घरात सकाळचा चहा बंद. प्रत्येकानं अनशापोटी एक पेला हिरवा रस घ्यायचा."

आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बकरी चहा नाही पेत, हे खरं हाय. पण बकरी पेन्शनबी नाही घेत."

आत्याबाई आर्णीकडच्या एका खेड्यातल्या. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि नाझरसाहेबांशी तीस-पस्तीस वर्षं संसार करूनही त्यांची बोली तसूभर सुधारली नव्हती. मामंजींना त्याची लाज वाटे. मला तर त्या बाईची भीतीच वाटे. त्यांनी कधी मला शिवी दिली नाही की उपाशी ठेवलं नाही, पण एखादं वाक्य असं टाकायच्या की दिवसभर ते सलत राहावं.

माझं लक्ष मात्र तेव्हा बकरीत नव्हतं, गणितात होतं. मी यवतमाळची. अकरावीत असताना आजीला नातजावई पाहायची घाई झाली आणि माझं लग्न उरकलं. आजी त्यानंतर अकरा वर्षं ठणठणीत जगली. लग्न ठरवताना मामंजींनी माझ्या वडिलांना शब्द दिला होता की मुलगी मॅट्रिकला बाहेरून बसेल. शब्द त्यांनी पाळला; माझा फॉर्म त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला, आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती. आमच्याच आळीत मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई राहत. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "तू मॅट्रिक हो फक्त. आमच्याकडं एक जागा आहे." तेव्हापासून ती जागा माझ्या डोक्यात बसली होती. पहाटे साडेचारला उठायचं, कंदील लावायचा, साडेसहापर्यंत अभ्यास करायचा, मग चूल. दिवसातले तेवढेच दोन तास माझे. रसानं नेमके तेच हेरले.

कारण रस सूर्य कौलांवर यायच्या आत प्यायचा होता. पुस्तिकेत तसं छापलं होतं. पाल्याला लोखंड लागू द्यायचं नाही, म्हणून विळी बाद. पितळ नको, तांबं नको, दगड चालेल. म्हणजे पाटा-वरवंटा आला, आणि पाटा-वरवंटा आला की सून आलीच. पाला हातानं खुडायचा, तीन पाण्यांतून काढायचा, लोण्यासारखा वाटायचा, फडक्यातून पिळायचा आणि पाव तासाच्या आत, मांडी घालून, घोट घोट चावून प्यायचा. रस चावायचा कसा, हे पुस्तिकेत दिलेलं नव्हतं. मामंजी चावायचे.

गाळायला फडकं म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या धोतराचा तुकडा दिला. धोतर कोर्टात बारा वर्षं बसलेलं होतं. त्याचाही थोडा अर्क उतरत असणार.

पहिल्या दिवशी पालक, मेथी, मुळ्याचा पाला, मूठभर सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि शुद्धीसाठी कडुनिंबाची चार पानं असा सरंजाम होता. मी आदल्या रात्रीचा पाटा तांब्याभर पाण्यानं धुतला, रोज धुते तसाच. आता वऱ्हाडातल्या घरच्या पाट्यावर दुसरं काय वाटलं जातं? वीस वर्षं त्या दगडानं हिरव्या मिरचीचा ठेचा पचवला होता. तो काय तांब्याभर पाण्यानं विसरतो? आम्ही चौघं पाटांवर ओळीनं बसलो. मामंजींनी पहिला घोट घेतला, नियमाप्रमाणे चावला आणि गिळला. त्यांचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. माझा नवरा त्यांना धरायला उठला, तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"बसा! विकार बाहेर पडून राह्यले."

दोन दिवस विकार असेच बाहेर पडत राहिले. आपलं शरीर किती दूषित झालं होतं, हे ते आल्यागेल्याला अभिमानानं सांगत. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पाट्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "विकार नोहोय. मिरची होय."

झालं. टाकी लावणाऱ्या बाईला बोलावणं गेलं. तिनं छिन्नीनं पाटा टोचून नवाकोरा करून दिला. मिरचीची रवानगी उखळात झाली. मग आठवडाभर रसात दगडाची कच यायला लागली. मामंजी म्हणाले, निसर्गात खनिजं असतातच. या माणसाला हरवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

पाला आणून द्यायची तांड्यावरची एक बाई. तिच्या आज्यापणज्याच्या काळी ती मंडळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालत. आता तांड्याजवळच शेती करत. हातभर बांगड्या घातलेली ही बाई आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन यायची. आम्ही एकदम अर्धी टोपली रिकामी करायला लागलो तेव्हा तिनं डोळे मोठे केले. आत्याबाईंना ती याडी म्हणायची, म्हणजे आई.

"याडी, बैल घेतला का वं घरी?"

"बैल नाही," आत्याबाई म्हणाल्या, "नाझर हाय."

चौघांपैकी रस मनापासून प्यायचे एकटे मामंजी. माझ्या नवऱ्यानं त्या हिवाळ्यात जेवढे दौरे मागून घेतले तेवढे पुढं सबंध नोकरीत घेतले नसतील. घाटंजी म्हणू नका, मारेगाव म्हणू नका. कुठं पैसेवारी बघायची, कुठं बांधाचा तंटा मिटवायचा, हे महाशय तयार. आत्याबाई पेला उचलून "देवाले दाखवून येतो" म्हणून आत जात. देवघराला लागून मागचं दार होतं, आणि दाराशी केळीचं आळं. त्या वर्षी रसाचा पहिला गुण आला तो केळीला. मला मात्र पळायला दौरा नव्हता की दाखवायला देव नव्हता. मामंजींच्या समोर बसून मी तो पेला संपवत असे. चव सांगू? ओल्या कुंपणासारखी.

मामंजींना गुण यायला पंधरा दिवस लागले. आला तेव्हा असा आला की त्या दिवशी ते परसापेक्षा घरात फार कमी वेळ होते. पण चेहऱ्यावर काय तेज! तीस वर्षांचा तुंबलेला दावा निकाली निघाल्यासारखं. इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण सुख एकट्यानं भोगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गावातल्या पेन्शनर मंडळींना सांगितलं. एक जुने पोस्टमास्तर, एक ओव्हरसियर, दोन मास्तर आणि एक कुणाचे तरी काका, ज्यांना काही झालेलं नव्हतं पण कंपनी हवी होती. माघ संपेस्तोवर पहाटे आमच्या ओट्यावर पाच जण गळपट्टे गुंडाळून बसायला लागले. चार पेल्यांचे नऊ झाले. अर्ध्या तासाचं वाटण दोन तासांवर गेलं. "आमच्या सूनबाईंचा हात पाट्यावर चांगला बसला आहे," मामंजी त्यांना सांगत. मंडळी माना डोलावत. त्यांच्याही घरी सुना होत्या, पाटे होते, पण त्यांना पाटा फक्त आमच्याकडचाच चालत असावा.

मी नवऱ्याला म्हटलं, बाबांशी बोला. तो म्हणाला, बोलतो. दुसऱ्या दिवशी तो दौऱ्यावर गेला.

मार्चात परीक्षा झाली. उन्हाळ्यात निकाल आला. नवं राज्य आलं होतं, गावात झेंडे लागले होते, पेढे वाटून झाले होते. राज्य नवं झालं, माझं गणित जुनंच राहिलं. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात सात गुणांनी नापास. भूमितीची प्रमेयं तर मी शेवटचे दोन महिने उघडलीच नव्हती. कधी उघडणार? पहाटे पाला, मग चूल, मग पाणी, मग जेवणं, आणि दुपारी चोथ्याची धिरडी. हो, चोथा वाया घालवायचा नाही असंही पुस्तिकेत होतं.

मामंजींनी निकालपत्र दोनदा वाचलं आणि निवाडा दिला. "शब्द दिला होता परीक्षेला बसवण्याचा. बसवलं. पास करून देण्याचा शब्द नव्हता. तरी ऑक्टोबरला एक वेळ आणखी बसा. तेव्हाही नाही झालं, तर पुस्तकं बांधून ठेवायची आणि संसाराकडे बघायचं."

मी धीर करून विचारलं, रस दिवसाआड केला तर चालेल का. ते खरोखर चकित झाले. "दिवसाआड? सूर्य दिवसाआड उगवतो का?"

शाळेतली ती जागा अजून भरलेली नव्हती. मोठ्या बाई म्हणाल्या, ऑक्टोबरपर्यंत थांबते, पुढं नाही. म्हणजे आता सगळं ऑक्टोबरवर आलं. मी मग एक युक्ती केली. भूमितीचं पुस्तक पाट्यासमोर भिंतीला टेकवून उभं करायची आणि वरवंटा पुढं-मागं ढकलताना प्रमेय घोकायची. वरवंट्याच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. पानावर रसाचे शिंतोडे उडायचे. समद्विभुज त्रिकोणावर तर एवढा पाला सांडला होता की त्याच्या बाजू समान आहेत हे नुसत्या विश्वासावर धरून चालावं लागे.

ज्येष्ठातल्या एका पहाटे मी अशीच घोकत होते. एकच ओळ पुन्हा पुन्हा विसरत होते. शेवटी वरवंटा सोडला आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. आवाज होऊ न देता रडायचा मला सराव झाला होता, पण आत्याबाई मागं उभ्या होत्या.

"काहून वं, रडून राह्यली?"

"काही नाही."

त्या वाकल्या. पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कायचं चित्र होय?"

"त्रिकोण."

"हा आला म्हणजे पास होते माणूस?"

"हा आणि असे आणखी पुष्कळ."

"किती येळ लागते रोज?"

"दोन तास. पण सकाळचे. दुपारी डोकं चालत नाही माझं."

त्यांनी पाल्याच्या ढिगाकडं पाहिलं, ओट्यावर जमू लागलेल्या पेन्शनरांकडं पाहिलं, आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, बघा, एवढं विचारलं आणि हातही लावला नाही. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते आज लिहायची लाज वाटते.

आषाढी एकादशीला आमच्या घरी चातुर्मासाचे नेम धरायची पद्धत होती. देवासमोर बसून प्रत्येकानं चार महिन्यांसाठी एक वस्तू सोडायची. मामंजी दर वर्षी वांगं सोडत, कारण वांगं त्यांना आवडत नसे. माझ्या नवऱ्यानं कारलं सोडलं. मी साखर सोडली. आत्याबाईंची पाळी आली. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि एरवी देवासमोर पुटपुटणारी ती बाई चांगल्या खणखणीत आवाजात बोलली.

"देवा, आजपासून कार्तिकी एकादशीलोक या घरात हिरवा पाला खाणार नाही, रांधणार नाही, माह्या पाट्याले लावू देणार नाही."

आणि पाणी ताम्हनात सोडून दिलं.

मामंजींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते अर्धे उठले. "अवं, पण शास्त्रात शाकव्रत एका महिन्याचं आहे! श्रावणापुरतं!"

"शास्त्र तुमचं. पाणी माह्या हातचं."

"तुझं व्रत तुझ्यापुरतं. रस मी घेतो."

"घ्या नं. पाटा सोवळ्यात राहीन चार महिने. नैवेद्याचं पुरण वाटा लागते त्याच्यावर."

नाझरांनी आयुष्यात पुष्कळ हुकमांना स्थगिती मिळवलेली पाहिली होती. ते तडक गुरुजींकडे गेले आणि त्यांना घेऊनच आले. गुरुजींनी पंचांग उघडलं, मिटलं, आत्याबाईंकडे एकवार बघितलं. दर द्वादशीला गुरुजींचा शिधा आत्याबाईंच्या हातून जायचा. ते म्हणाले, शास्त्रात शाक एक महिना वर्ज्य हे खरं. पण उदक सोडून संकल्प केला की केला तेवढा पाळावा लागतो. पत्नीचा संकल्प पतीनं मोडायला लावला तर दोष पतीला लागतो.

"कसला दोष?" मामंजींनी विचारलं.

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "उदराचे विकार."

मामंजी खाली बसले.

तरी माणूस सहजासहजी हार मानणारा नव्हता. उखळात पाला कांडायचं त्यांच्या मनात आलं, पण उखळात मिरची आणि मुसळाच्या टोकाला लोखंडाचं कडं. खलबत्ता काढला, तो पितळेचा. जो माणूस आम्हाला सहा महिने पुस्तिका वाचून दाखवत आला, त्याला आता ती पुस्तिकाच आडवी आली. मंडळींपैकी कुणी आपला पाटा देऊ केला नाही. पोस्टमास्तर तर म्हणाले, चार महिने पोटालाही विश्रांती हवीच. शेवटी मामंजींनी ठरवलं की बकरीचंच अनुकरण करायचं, तर पुरतं करावं. ते ओट्यावर तांदुळज्याची जुडी घेऊन बसले आणि कच्चा पाला चावायला लागले. दाढा त्यांच्या तीन उरल्या होत्या, त्याही एकमेकींसमोर नव्हत्या. तासाभरात दोन काड्या संपल्या. तेवढ्यात तांड्यावरची बाई आली, ओट्याकडं पाहून थबकली आणि तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाली.

"याडी," ती आत्याबाईंना म्हणाली, "आता तं खरंच बैल आला वं घरात."

पाचव्या दिवशी चहा सुरू झाला. मामंजी त्याला काढा म्हणत. त्यात साखर, दूध, आलं आणि चहापत्ती असे.

आणि माझ्या पहाटा मला परत मिळाल्या. आषाढ, श्रावण, भादवा. कंदिलाच्या उजेडात एकेक त्रिकोण, एकेक वर्तुळ मला शरण येत गेलं. मी इतकी खूश होते की हे सगळं मला कुणी मिळवून दिलं याचा विचारही केला नाही. वाटलं, नवराबायकोची जुनी कुरबुर आहे, त्यात माझा आयता फायदा झाला. आत्याबाईंना पालेभाजी किती प्रिय होती हे मला ठाऊक होतं, तरीही. श्रावणात रानात तरोटा येतो, कुंजर येते, पुढं आंबाडी. त्यांचं माहेर शेतातलं. या भाज्यांची त्या सगळा उन्हाळा वाट बघत. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि वरून कच्चं तेल असलं की त्यांना सणाच्या पुरणपोळीचंही काही वाटत नसे. त्या श्रावणात तांड्यावरची बाई टोपली उतरवायची, आत्याबाई तरोट्याची कोवळी पानं हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि टोपलीत परत ठेवायच्या. चार महिने त्यांनी बेसन आणि वरण खाल्लं.

मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, नेम तुमचा तुम्हालाच जड जातोय. दुसरं काही सोडायचं होतं."

त्यांनी माझ्या पुस्तकाकडं बोट केलं. "तुहं पाय तू. झाला का त्रिकोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मॅट्रिकला बसणारी, प्रमेयं सिद्ध करणारी मी. मला एवढी साधी गोष्ट कळायला तीन महिने लागले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्या तोवर दळणाचं सूप घेऊन उठल्या होत्या, आणि त्यांच्या पाया पडायचं म्हणजे त्यांना थांबवायला हवं होतं. मी पुस्तक उघडलं.

ऑक्टोबरात यवतमाळला जाऊन परीक्षा दिली. कार्तिकीला आत्याबाईंचा नेम सुटला. दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर पाच गळपट्टे हजर, जणू मधले चार महिने त्यांना कुणी तिथंच घडी करून ठेवलं होतं. मी मुकाट्यानं पाट्यावर बसले. निकाल लागेपर्यंत बसायला हरकत नव्हती.

निकाल वर्तमानपत्रात आला, आणि वर्तमानपत्र आमच्याकडं एक दिवस शिळं यायचं. मामंजींनी चष्मा लावून आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवत माझा नंबर शोधला. सापडला तेव्हा त्यांचा आनंद खरा होता, एवढं मी कबूल करते. ते पेपर घेऊन तडक ओट्यावर गेले, आणि आतून मला ऐकू आलं.

"पास! गणितात! मी म्हणत नव्हतो? सहा महिने अखंड रस पोटात गेला होता पोरीच्या. त्याचा साठा होता शरीरात. बुद्धीवर परिणाम सावकाश होतो, पण होतो."

ओव्हरसियर म्हणाले, नातवालाही सुरू करावं म्हणतो. पी हळद आणि हो गोरी म्हणतात ते काय खोटं? माझ्या हातात पिळायचं फडकं होतं. मी तशीच बाहेर जायला निघाले. त्या दिवशी मी जे बोलले असते ते सबंध आळीनं ऐकलं असतं. आत्याबाईंनी दारात हात आडवा धरला.

"राहू दे. त्यायले घेऊ दे नाव. तू शाळेत जाऊन ये पह्यले. जागा दुसऱ्या कोणाले देऊन बसतीन त्या बाई."

जागा मला मिळाली. शाळा सकाळची, साडेसातची. मामंजींची त्याला हरकत नव्हती. उलट त्यांनी तोडगा सुचवला. "साडेतीनला उठलं की दोन्ही बसतं. साडेसहाला रस, साडेसातला शाळा. माणसाला झोप फार लागत नाही, ती सवय असते." दुपारी दोन तास झोपणाऱ्या माणसाचं हे मत होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी साडेतीनला उठले. परसाकडून वरवंट्याचा आवाज येत होता. जाऊन बघते तर आत्याबाई. लुगडं गुडघ्यांवर खोचून, एक पाय लांब करून बसलेल्या, कारण तो पाय त्यांना दुमडता येत नसे. शेजारी नऊ पेल्यांचा पाला. धापा टाकत होत्या.

"सरका आत्याबाई, मी वाटते."

"तू वाटशीन तं शिकवशीन कवा? जाय, नीज घंटाभर."

"एवढं तुमच्यानं नाही व्हायचं."

"नाही होत मनून कोणाले सांगू?" त्या म्हणाल्या. "जाय वं तू."

मी गेले. झोपले नाही, पण गेले. पडल्या पडल्या तो आवाज ऐकत होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पुढं पाच वर्षं, मामंजी होते तोवर, त्या रोज पहाटे वाटत राहिल्या, आणि मी रोज स्वच्छ पातळ नेसून, हातात खडू-डस्टरची पिशवी घेऊन त्यांच्या शेजारून जात राहिले. "सरका" असं मी पुन्हा म्हटलं नाही. म्हटलं असतं आणि त्या खरोखर सरकल्या असत्या तर काय, ही भीती होती. मामंजींची मी इथं एवढी टर उडवली. पण रस कुणाच्या जिवावर निघतो, हे त्यांना कधी कळलंच नाही. मला रोज कळत होतं, आणि मी वेळेवर शाळेत पोचत होते.